कोल्हापुरात जंगलाची इंटर्नशिप करायचीय? अर्जापासून उसाच्या रानापर्यंत सगळं

दिवाळी झाली की दरवर्षी मला मेसेज यायला लागतात. ताई ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कॉलेजची इंटर्नशिप) जंगलात करायचीय, राधानगरीत कुणाला भेटू. ताई, सर म्हणतात कुठंही करा पण लेटर आणा. ताई, घरचे पाठवत नाहीत, तुम्ही आईशी बोलता का. आईशी मी बोलतेच, पण बाकीचं दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते, म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं वाचावं आणि मग काय अडलं तर विचारावं.

आधी हिशोब. नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटीचे ४ क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास काम. रोज ८ तास धरले तर १५ दिवस होतात. ऐकायला कमी वाटतं पण जंगलात १५ दिवस म्हणजे पुष्कळ असतात, आणि ते एकाच गावात काढले तर त्यातून काहीतरी हाताला लागतं, पाच ठिकाणी तीन तीन दिवस फिरलात तर फक्त फोटो मिळतात. हे मी अगदी सुरुवातीलाच सांगतेय कारण सगळ्यात जास्त चूक इथंच होते. पोरं म्हणतात दाजीपूर पण बघू, चांदोली पण बघू, आंबोली पण उरकून येऊ. तसं करायचं असेल तर ट्रिप काढा की, त्यात वाईट काय नाही, पण इंटर्नशिपला एकच बीट धरा. बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या म्हणजे गार्डच्या ताब्यात असलेला जंगलाचा तुकडा. वनरक्षकाच्या वर वनपाल, त्यांच्या वर वनक्षेत्रपाल म्हणजे आरएफओ, मग सहाय्यक वनसंरक्षक आणि त्यांच्या वर उपवनसंरक्षक म्हणजे डीएफओ किंवा डीसीएफ. एवढी उतरंड पाठ असू दे, ऑफिसात गेल्यावर कुणाला काय विचारायचं ते कळतं.

आता जागा कुठली निवडायची. राधानगरी सगळ्यांना माहिती आहे. १९५८ साली दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखलं गेलं, १९८५ ला हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, साधारण ३५१ चौरस किलोमीटर. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण याच पट्ट्यात आहे. गवा, अस्वल, बिबट्या, सांबर, भेकर, शेकरू, खवले मांजर, धनेश सगळं आहे. दुसरं म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१० ला चांदोली आणि कोयना मिळून झाला आणि त्याचं मुख्य ऑफिस आपल्या कोल्हापुरातच आहे, हे बऱ्याच पोरांना माहितीच नसतं. तिसरं, आजरा चंदगड भुदरगड हा पट्टा, जिथं कर्नाटकातनं हत्ती येतात, आणि तिथली बरीचशी जंगलं आता संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालीत. आणि ज्यांना लांब जाणं जमत नाही त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, रंकाळा, कळंबा तलाव, विद्यापीठाचा कॅम्पस, इथं पक्ष्यांवर चांगलं १२० तासांचं काम होऊ शकतं. घरातनं पहाटे निघून नऊला परत येता येतं, आणि पाणपक्षी ओळखायला शिकण्यासाठी जानेवारीतल्या कळंब्यासारखी शाळा नाही.

माझं मत विचाराल तर अभयारण्याच्या आतल्या भागापेक्षा काठावरचं गाव घ्या. कोल्हापूरचं जंगल हे नुसतं जंगल नाही, ते थेट शिवाराला चिकटलंय. गवा सकाळी झाडीत असतो आणि रात्री उसात. त्यामुळं आपल्याकडं वन्यजीव व्यवस्थापन आणि जनजागृती ह्या दोन वेगळ्या इंटर्नशिप नाहीत, एकच आहे. जो शेतकऱ्याशी बोलू शकत नाही त्याला इथलं व्यवस्थापन कळणारच नाही असं मला मनापासून वाटतं.

वेळ कधीची धरायची? जंगलात फिरायचं काम असेल तर नोव्हेंबर ते मे. जूनमध्ये पाऊस लागला की घाटमाथ्यावरच्या वाटा बंद, जळवा, धुकं, आणि नवशिक्याला काहीच दिसत नाही. बेडकांवर किंवा बुरशीवर काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग बरोबर जाणकार माणूस पाहिजेच. त्यातही काय करायचंय त्यावर महिना ठरतो. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो, त्याची तयारी सप्टेंबरातच चालू होते. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह, ५ ला मारुती चितमपल्लींची जयंती आणि १२ ला सलीम अलींची, म्हणून तो आठवडा. २ फेब्रुवारीला पाणथळ दिवस. फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस, जाळरेषा (आग पुढं जाऊ नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढायची कामं चालू असतात आणि गावोगाव जाऊन गवत पेटवू नका म्हणून सांगायचं असतं. मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणात बसून रात्रभर प्राणी मोजतात, त्याला स्वयंसेवक घेतले जातात आणि नावं आधीच द्यावी लागतात. ह्या तारखा बघून अर्ज करा, म्हणजे ऑफिसलाही तुमचा उपयोग होतो आणि तुम्हालाही खरं काम मिळतं.

अर्ज. हे जरा सविस्तर सांगते. कॉलेजचं लेटर आणि तुमचा स्वतःचा अर्ज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही न्यायच्या. कॉलेजच्या लेटरवर विभागप्रमुखांची सही शिक्का, किती तास, कुठली ते कुठली तारीख, आणि तुमची जबाबदारी घेणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं नाव. तुमच्या अर्जात मात्र "मला निसर्गाची लहानपणापासून आवड आहे" हे नको. ते सगळेच लिहितात. त्यापेक्षा असं लिहा की मी अमुक गावाच्या शिवारात १५ दिवस राहून गव्यामुळं होणाऱ्या पीक नुकसानीची नोंद करीन, गावातल्या शाळेत दोन कार्यक्रम घेईन, आणि शेवटी मराठीत एक रिपोर्ट देईन. वाचणाऱ्या साहेबांना अर्ध्या मिनिटात कळलं पाहिजे की हे पोरगं काय करणार आणि आपल्या माणसाचा किती वेळ खाणार. अभयारण्याच्या आत अभ्यास करायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी लागते, नुसतं ओळखीच्या गार्डनं या म्हटलं म्हणून आत शिरायचं नाही, त्यात तुमच्यापेक्षा त्या गार्डची नोकरी अडचणीत येते. परवानगीला वेळ लागतो, दीड दोन महिने आधीच फाईल हलवायला घ्या. आईवडिलांचं संमतीपत्र, आधारची झेरॉक्स, ब्लड ग्रुप आणि घरच्या दोन माणसांचे नंबर एका फोल्डरात घालून ठेवा. विद्यार्थी अपघात विमा कॉलेजात असेल तर त्याची प्रत पण.

पैसे मिळत नाहीत, हे धरूनच चला. एसटीचं भाडं, जेवण, मोबाईल रिचार्ज एवढा खर्च स्वतःचा. राहायची सोय आधी पक्की करा, फोनवर "बघू की आल्यावर" असं उत्तर आलं तर जाऊ नका. मुलींना खास सांगते, दोघी मिळून अर्ज करा, राहणं शक्यतो गावातल्या कुटुंबात ठेवा, आणि पहिल्या दिवशी आईला किंवा वडलांना बरोबर घेऊन जा. माझ्या इंटर्नशिपला माझी आई आली होती, मी राहणार होते त्या घरातल्या काकूंबरोबर तासभर चुलीपुढं बसली, चहा पिली, आणि परत जाताना म्हणाली आता मला झोप लागंल. त्यानंतर घरातनं एकदाही परत ये म्हणून फोन आला नाही.

सामान थोडंच पण नेमकं. मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, जुने बूट, टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली, वही, दोन पेन आणि एक पेन्सिल, कारण दवानं वही ओली झाली की पेन चालत नाही. सहा इंची पट्टी. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही, आधी कानानं पक्षी ओळखायला शिका. सेंट, भडक जॅकेट, ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. आणि गोचिडांचं मनावर घ्या. माकडताप गोचिडीतनं पसरतो, दोडामार्ग बाजूला २०१६ पासून त्याचे पेशंट निघालेत आणि चंदगड त्याला लागूनच आहे. पँट मोज्यात खोचायची, पाचोळ्यात बसायचं नाही, संध्याकाळी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे वेगळे टाकायचे, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच कळवायचं. ताप आला तर डॉक्टरला स्वतःहून सांगायचं की मी जंगलात होते.

आता काम. पहिले दोन दिवस गार्डच्या मागं मुकाट्यानं चाला. ते कुठं थांबतात, कशाकडं बघतात, ते बघा. वाटेवरची विष्ठा, झाडावर ओरबाडलेलं, पाणवठ्याजवळचा चिखल. एखाद्या वनमजुराला जे दिसतं ते आपल्याला पुस्तक वाचून दिसत नाही, वीस वीस वर्षं त्याच वाटेनं चाललेली माणसं आहेत ती, त्यांना मामा म्हणा, दादा म्हणा, पण विचारत राहा.

ठसे ओळखणं हे एकच कौशल्य नीट शिकलात तरी इंटर्नशिप वसूल. कारण उसाच्या पट्ट्यात दर आठवड्याला कुठंतरी बिबट्या आल्याची बोंब होते, व्हॉट्सॲपवर ठशाचा फोटो फिरतो, बायका रानात जायच्या बंद होतात, पोरं शाळेला जात नाहीत, आणि निम्म्या वेळा तो ठसा कुत्र्याचा असतो. फरक सोपा आहे. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो त्यामुळं चार बोटांपुढं नखाची खूण नसते, कुत्र्याच्या बोटांपुढं नखाचे टोचे स्पष्ट दिसतात. बिबट्याच्या ठशातली गादी मोठी, रुंद, आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. कुत्र्याचा ठसा लांबुडका. फक्त मऊ चिखलात ठसा पसरतो, तेव्हा एकाच ठशावर निकाल देऊ नका, दहा पंधरा फूट मागं पुढं जाऊन ओळ बघा. फोटो काढताना वरनं सरळ काढायचा, शेजारी पट्टी ठेवायची, सावली ठशात पडू द्यायची नाही. पट्टीशिवायच्या फोटोचा काही उपयोग नाही, मी सुरुवातीला असे ढीगभर काढलेले, एकही रिपोर्टात घालता आला नाही.

नोंद रोजच्या रोज. तारीख, वेळ, जागा, जीपीएस, आजूबाजूला काय आहे, काय दिसलं, किती दिसलं, कशावरनं ओळखलं. काही दिसलं नाही तर तेही लिहायचं, दोन किलोमीटर चाललो आणि गव्याची एकही खूण नाही ही सुद्धा माहितीच आहे. मोबाईलवर नोंद टाकायला पक्ष्यांसाठी ई-बर्ड, बाकी सगळ्यासाठी आय-नॅचरलिस्ट ही ॲप वापरा. पण खवले मांजर, पिलांचं घरटं, बिबट्याची गुहा असलं काही सापडलं तर लोकेशन कुठंही टाकायचं नाही, इन्स्टावर तर नाहीच. खवले मांजराची शिकार होते आणि शिकारी पण मोबाईल वापरतात. त्या दिवशीची वही फक्त गार्डला दाखवायची.

आता गावातलं काम, आणि इथं माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत माझा पहिला कार्यक्रम होता. चाळीस स्लाइड केलेल्या, अन्नसाखळी, जैवविविधता, गव्याचं महत्त्व. पोरं समोर, मागं आठ दहा माणसं उभी. संपल्यावर एक आज्जा पुढं आले, म्हणाले, "बाळ, तुझं झालं असलं तर माझ्यासंगं चल जरा." शाळेच्या मागनं ओढा ओलांडून त्यांच्या रानात गेलो. खोडव्याला (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) आदल्या दिवशी पाणी दिलेलं, चिखल अजून मऊ होता, आणि सरीतनं खुरांचे खोल खड्डे गेलेले, प्रत्येक खड्ड्यात पाणी साचून त्यात आभाळ दिसत होतं. कोवळे शेंडे सगळे वरनं चावून टाकलेले, काही ऊस मुळापासनं आडवे. आज्जा खाली बसले, हाताचा पंजा पूर्ण पसरून एका खड्ड्यावर ठेवला, मला दाखवला, आणि म्हणाले, "ह्यो एक न्हवं, सात हुते. आता तू सांग, मी गव्याला वाचवू का उसाला?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वेळी ह्या माणसाच्या उपयोगाचं काहीतरी माहिती करून मगच बोलायला उभं राहायचं. आठवडाभर मी नुकसान भरपाईचं प्रकरण कसं चालतं ते शिकले. अर्ज लवकर करायचा, रान तसंच ठेवून फोटो काढायचे, पंचनाम्याला वनखातं, महसूल आणि कृषी अशी तिन्हीकडची माणसं लागतात, सातबारा, आधार, बँक पासबुक जोडायचं. आज्जांचा अर्ज मी त्यांच्या सोप्यात बसून भरला. दुसऱ्या दिवशी आणखी चौघं आली. त्यानंतर जेव्हा मी गवा समोर आला तर काय करायचं ते सांगायला उभी राहिले तेव्हा लोकांनी ऐकलं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी चार दिवस नुसतं ऐका, पारावर, डेअरीवर दूध घालायला आलेल्या माणसांत, बायकांत पाणंदीला. मग भरपाईची माहिती द्या. मग प्राण्याबद्दल बोला. गवा म्हणजे बायसन नव्हे, बायसन अमेरिकेतला, आपला गवा वेगळा, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, मोठा नर टनाच्या आसपास भरतो, आणि तो अंगावर येतो ते बहुतेक वेळा वाट अडवल्यावर. २०२० च्या ९ डिसेंबरला पुण्यात कोथरूडला गवा शिरला, माणसं मागं लागली, पळून पळून दमला आणि पकडल्यावर मेला. पुढच्याच डिसेंबरात आपल्या पंचगंगेच्या काठाला गवा आला, तेव्हा पण बघायला गर्दी. गावात सांगताना हीच उदाहरणं द्या आणि मग सरळ सांगा, मागं पळायचं नाही, दगड मारायचे नाहीत, कुत्री बांधायची, जंगलाच्या बाजूची वाट मोकळी सोडायची, आणि १९२६ ला फोन करायचा. हा वनखात्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, इंटर्नशिपमधलं ते सगळ्यात टिकाऊ काम ठरू शकतं.

ऊसतोड चालू असेल तर तोडकऱ्यांच्या कोप्यांवर म्हणजे झोपड्यांवर जायला विसरू नका. तोडकरी मराठवाड्यातनं आलेले असतात, पहाटे अंधारात फडात शिरतात, लहान पोरं बांधावर झोपवलेली. बिबट्याची मादी उसात पिलं घालते, आणि तोडताना पिलं सापडतात ती ह्यांनाच. त्यांना सांगायचं की पिलं उचलायची नाहीत, हात लावायचा नाही, त्या बाजूची तोड थांबवायची, वनखात्याला कळवायचं, रात्री आई येऊन घेऊन जाते. आणि पोरांना एकटं बांधावर ठेवायचं नाही, बसून काम करणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी उभं पाहिजे. हे सांगायला स्लाइड लागत नाही, संध्याकाळी भाकरी चालू असताना जाऊन बसायचं.

शाळेतल्या पोरांना मात्र भाषण देऊच नका. मैदानात न्या, पंधरा मिनिटं डोळे मिटून आवाज मोजायला लावा. गावातली देवराई दाखवायला त्यांनाच सांगा, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही आणि का, हे ती तुम्हाला सांगतील, त्यांच्या आजीकडनं ऐकलेलं. ते लिहून घ्या, तो तुमच्या रिपोर्टातला सगळ्यात चांगला भाग होईल.

सापाबद्दल एकच. दर बॅचला दोन तरी पोरं सर्पमित्र व्हायला आलेली असतात. इंटर्नशिपमध्ये साप धरायचा नाही, म्हणजे नाही. विनापरवाना धरणं गुन्हा आहे, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्यातलं काहीही हातात घेऊन रील करणारा माणूस गावाला चुकीचं शिकवून जातो. तुम्ही चौघांचे फोटो दाखवून ओळख शिकवा, चावला तर मांत्रिकाकडं न जाता, दोरी करकचून न बांधता, न चिरता, हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं एवढं ठसवा. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखत पण नाही, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं. हे सांगितलंत तर एखादा जीव वाचतो.

रिपोर्ट शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. रोजच्या डायरीवर रोज वनरक्षकांची सही घ्या, पंधरा दिवसांच्या सह्या एकदम मागितल्या तर कुणालाही बरं वाटत नाही. सर्टिफिकेटवर काय काय लिहून मिळणार, तास लिहिणार का, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. रिपोर्टात गुगलवरचे वाघाचे फोटो नकोत, तुमच्या पट्टीवाल्या ठशांचे फोटो, हातानं काढलेला बीटचा नकाशा, किती घरात गेलात, लोक काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दात, नावं न घेता.

आणि तीन प्रती काढा. एक कॉलेजला, एक रेंज ऑफिसला, आणि तिसरी मराठीत, मोठ्या टायपात, त्या गावच्या शाळेला. ती पोस्टानं पाठवू नका, हातानं द्या. मी माझी द्यायला गेले तेव्हा मार्च होता, आज्जा भेटले, खोडवा पुन्हा फुटलेला दाखवला, आणि रिपोर्टातला त्यांच्या रानातल्या खुराचा फोटो बराच वेळ बघत बसले. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते मात्र आदल्या दिवशीच बघून ठेवा, मला त्या दिवशी तिथंच मुक्काम करावा लागला.